जल्लादाच्या घरचं काजळ

आमच्या घरी काजळ फार लवकर संपायचं. धाकट्या भावाच्या डोळ्यांत माय रोज बोटभर घालायची, माझ्या डोळ्यांत सणावारी. एवढ्यानं काही डबी रिकामी होत नाही. पण थोडे दिवस गेले की माय पुन्हा एरंडेलाचा दिवा लावायची, त्यावर तांब्याची ताटली पालथी धरायची, आणि जमलेली काजळी तुपात कालवताना ओसरीवर ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "उंदरं खायलेत वाटतं काजळ." तो उंदीर ओसरीवर मांडी घालून, मान खाली घालून भाकरी खात असायचा. आमचे वडील, आण्णा. अंगानं दाराच्या चौकटीएवढे, दोन्ही कान कुस्तीनं मोडून गोळा झालेले, आणि आवाज एवढा मऊ की बैलालासुद्धा विनंती केल्यासारखे हाकत. खेळ असला की ते मायच्या डबीतलं काजळ कागदाच्या पुडीत घेऊन जात. त्यानं डोळ्यांच्या खोबणी काळ्याभोर करत, काळी घोंगडी पांघरत, आणि सगळा परभणी जिल्हा ज्याच्या नावानं बोटं मोडत होता तो जल्लाद होत.

आमचं गाव चुडाव्याच्या स्टेशनापासून शेतातून पायी जाण्याच्या अंतरावर होतं. पहाटे पूर्ण्याकडे जाणाऱ्या पॅसेंजरची शिटी ऐकू यायची, आणि तिच्या आधीपासून अंगणात आण्णांच्या बैठका सुरू असायच्या. आत मायचं जातं, बाहेर आण्णांचा हुंकार. दोन्हींचा ठेका कसा कोण जाणे पण जुळून यायचा, आणि गोधडीतल्या मला वाटायचं की हे दोघं मिळून काहीतरी दळतायत. मग चुलीवर भाकरी, अंबाडीची भाजी, वर करडईच्या तेलात कडकडवलेला लसूण. आण्णांना भाकरीचा पापुद्रा उचलून त्यात तेल-मीठ भरून खायला आवडायचं. तो पहिला पापुद्रा माझा असे. आता माझ्या घरी गॅस आहे, भाकरी सुनेच्या हातची असते आणि ती छानच करते. तरी करडईच्या तेलात लसूण पडला की मी आधी कान देते, बाहेर कुणी बैठका काढतंय का.

तो खेळ म्हणजे फ्रीस्टाईल कुस्ती. जत्रेतली कुस्ती वेगळी; तिथं लाल माती असते, हलगी असते, आणि पाठ लागली की निकाल. आण्णा तरुणपणी तीच खेळले. पण मातीतल्या कुस्तीवर घर चालत नव्हतं आणि आमचं रान कोरडवाहू, पावसाच्या लहरीवर. म्हणून लतीफभाई नावाच्या ठेकेदाराच्या ताफ्यात आण्णा सामील झाले. दिवाळी उलटली की हा ताफा गावोगावच्या मैदानात तट्ट्यांचं कुंपण घालायचा, फळ्यांखाली भुशाची पोती घालून वर ताडपत्री ताणायचा, चार खांबांना दोर बांधायचा. तिकिटं लावून कुस्त्या होत. कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असायचं. ही गोष्ट ताफ्याबाहेर आमच्या घरातल्यांनाच माहीत होती, आणि ती बाहेर फुटली तर काय होईल हेही आम्हाला माहीत होतं. 'नूरा' हा एक शब्द बाजारात फिरला की ताफा उठला. नूरा म्हणजे संगनमतानं लढलेली लुटुपुटीची कुस्ती. आमच्या भागात कुणाला चोर म्हटलं तर एकवेळ चालेल, पैलवानाला नूरा म्हणायचं नाही.

ताफ्यात सगळ्यांचा लाडका होता बिजली. त्याचं खरं नाव बालाजी, बोरीकडचा. गोरापान, हसरा, कुरळ्या केसांचा. तो रिंगणात शिरला की बाया नकळत पदर सावरत आणि म्हातारे उठून उभे राहत. आणि त्याचा हाडवैरी जल्लाद. लोकांना चिडवायचं कसं यात लतीफभाई उस्ताद होते. रिंगणाच्या पायरीपाशी त्यांनी लाल मातीचं एक घमेलं ठेवलेलं असे. बिजली त्या मातीला हात लावून कपाळाला लावायचा, की टाळ्या. जल्लादानं मात्र तिच्याकडे बघायचंही नाही. "मट्टी को हात नक्को लगाव, मुंजाजी," लतीफभाई आण्णांना बजावत, "हात लगाया तो पब्लिक ठंडी पडती." आधी तर त्यांनी घमेल्याला लाथ मारायला सांगितलं होतं. तेवढं मात्र आण्णांनी ऐकलं नाही. नुसतं न बघता पुढं गेलं तरी पुरत होतं. बुक्क्या मारल्या, डोळ्यांत बोटं घातली, पंचाची नजर चुकवून गळा दाबला, यानं लोक चिडत, पण ती चीड मजेची असे. मातीला हात न लावता माणूस वर चढला की मात्र मैदानातून खरोखरीचा एक हुंकार उठायचा, तो ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. माझं आजही असंच मत आहे की आपल्याकडं लोक मारणाऱ्याला माफ करतात, माजलेल्याला करत नाहीत. खेळाच्या दिवशी पहाटे आण्णा मागच्या जुन्या तालमीच्या खड्ड्यात जाऊन मातीला डोकं टेकवून यायचे, दोनदा. एक नेहमीचं आणि एक संध्याकाळचं आगाऊ.

गावातल्या लोकांना हा माणूस रोज दिसत होता. कुणाची म्हैस अडली तर हाच धावायचा, कुणाची गाडी चिखलात रुतली तर हाच खांदा लावायचा. मग तो रिंगणात असा कसा वागतो? गावानं यावर स्वतःपुरता निकाल लावून टाकला होता: मुंजाभाऊ लाखात एक, पण रिंगणात गेला की त्याच्या अंगात येतं. काय येतं ते कुणी सांगत नसे. शेजारची सखूमावशी तर मायला एकदा म्हणाली, "गया, एकदा दाखवून तरी आण कुठं. उतरंल." माय म्हणाली, "दाखवलं गं. लतीफभाईचा ताफा सोडला तर समदं उतरतंय." मायला हा धंदा मुळीच पटलेला नव्हता. तिनं खेळ कधी पाहिला नाही. काळी घोंगडी धुवायची ती घराच्या मागच्या बाजूला, आणि वाळत घालायची ती उलटी करून. चार लोक आपल्या नवऱ्याला शिव्या देतात आणि त्याची आपण भाकरी खातो, ही गोष्ट तिच्या घशाखाली उतरत नव्हती.

माझ्याही उतरत नव्हती. शाळेत मला 'जल्लादाची पोरगी' म्हणत. कुणी खडू लपवला, कुणाची पाटी फुटली, की सगळ्यांची नजर माझ्याकडं. घरी येऊन मी रडले की आण्णा अंगणात आडवे व्हायचे आणि म्हणायचे, "ये, कुस्ती धरू." ही आमची रोजची कुस्ती. ते माझं मनगट धरून मला हळूच स्वतःच्या छातीवर ओढून घेत, पाय झाडत, "मेलो, मेलो" म्हणत, आणि मी जिंकायची. एकदा छातीवर बसल्या बसल्या मी विचारलं, "आण्णा, लोकं तुमाला शिव्या कामून देतेत?"

"देयलेत म्हंजे खेळ चांगला व्हायलाय. बालाजीला टाळ्या, मला शिव्या. एकच हाय ते."

"एकच कसं? तुमच्यासाठी कुनीच टाळ्या वाजवत न्हाई."

ते माझ्या पाठीवर थोपटत राहिले. मी मात्र मनाशी धरून बसले की एकदा तरी भर मैदानात कुणीतरी माझ्या आण्णांच्या बाजूनं ओरडलं पाहिजे. दुसरं कुणी नाही तर मी.

त्या वर्षी पूर्ण्याला खेळ लागला आणि सखूमावशी मला घेऊन गेली. मायनं नको नको म्हणत धपाटे बांधून दिले. रेल्वेच्या वसाहतीजवळचं मैदान, ऊन कललेलं, माणसांचा नुसता महापूर. भेंडबत्तासेवाला, शेंगावाला, गारेगारवाला. भोंग्यातून लतीफभाईंचा आवाज. आधी दोन-चार किरकोळ कुस्त्या झाल्या, मग बिजली आला, मातीला हात लावला, मैदान नाचलं. मग भोंगा थांबला आणि आण्णा आले. मी ओळखलं ते फक्त कानांवरून. काजळ डोळ्यांभोवती गालांपर्यंत ओढलेलं, चाल बदललेली, घमेल्याजवळून ते असे गेले की जणू तिथं शेण पडलंय. तो हुंकार उठला. मी ठरवल्याप्रमाणं तोंड उघडलं, "आण्णा" म्हणायला. पण आजूबाजूला जे उसळलं होतं त्यात माझा आवाज मलाही ऐकू आला नाही. आणि शेजारी बसलेली सखूमावशी, जिच्या घरी कालच आण्णांनी सरपण फोडून दिलं होतं, ती उठली, पायातली चप्पल काढली आणि "मुडदा बशिवला तुझा!" म्हणत तिनं ती नेम धरून आण्णांना हाणली. खांद्यावर बसली. तिचा चेहरा मला अजून आठवतो. एवढी आनंदी मी तिला एरवी कधी पाहिली नव्हती.

शेवटी बिजलीनं खांबावर चढून उडी घ्यायची, जल्लादाला खांद्यावर उचलून गरगर फिरवायचं, आपटायचं आणि छातीवर बसायचं, असं ठरलेलं असायचं. बिजलीनं उडी घेतली. पण फळी सरकली की काय, पाय वेडावाकडा पडला आणि तो गुडघा धरून खालीच बसला. लोकांना वाटलं हा पवित्रा आहे. मी पुढं होते, मला त्याचे ओठ पांढरे पडलेले दिसले. त्याला उठताच येत नव्हतं. क्षणभर आण्णा नुसते उभे राहिले. आता त्यांनी त्याला चीत केलं असतं तर कुस्ती खरी दिसली असती, पण बिजली हरला असता, लोकांनी कुंपण मोडलं असतं; आणि काहीच केलं नसतं तर नूरा उघडा पडला असता. आण्णा वाकले, बिजलीची मान बगलेत धरून गळा दाबल्यासारखं केलं, त्याच्या कानाशी काहीतरी बोलले. मग एकदम कुणी फेकून द्यावं तसे स्वतःच उसळले आणि पाठीवर धाडकन पडले. फळ्यांचा आवाज स्टेशनापर्यंत गेला असेल. आणि पडल्या पडल्या त्यांनी बिजलीचं मनगट पकडलं, त्याला अलगद छातीवर ओढून घेतलं आणि पाय झाडायला लागले. पंचानं बिजलीचा हात वर केला. मैदान वेडं झालं. बिजलीनं जल्लादाला बसल्या जागेवरून फेकलं, असं लोक पुढं कित्येक वर्षं सांगत होते. त्या मनगटाची गोष्ट त्या गर्दीत मला एकटीला कळली, कारण मी रोज तशीच जिंकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आण्णा चुडाव्याला उतरले ते बालाजीला पाठीवर घेऊनच. पाय टेकत नव्हता. त्याचं घर बंद होतं; आईबाप आणि भाऊ ऊसतोडीला गेलेले, दाराला कुलूप. मग त्याला आणखी कुठं नेणार? शेतातल्या वाटेनं त्याला पाठकुळी घेऊन आण्णा घरी आले, अंगणात बाजेवर टाकलं, आणि तिळाचं तेल कोमट करून त्याच्या गुडघ्याला लावायला बसले. माय चुलीपासून उठून एकदा दोघांकडं बघून गेली. मग तव्यावर आणखी एक भाकरी पडली आणि अंडी फोडल्याचा आवाज आला. तेवढ्यात सखूमावशी कुडाशी येऊन उभी राहिली, एका पायात चप्पल.

"मुंजाभाऊ, माझी चप्पल राहिली बगा काल."

"आणलीय की," आण्णा म्हणाले, आणि पिशवीतून काढून त्यांनी ती कुडावरून तिला दिली. "नेम चांगला हाय, वैनी." मावशी चप्पल घालून, बाजेवरच्या बिजलीकडं डोळे फाडून बघत निघून गेली.

दुपार व्हायच्या आत गडबड झाली. जल्लादानं बिजलीला पाठीवर टाकून नेलं हे स्टेशनात पुष्कळांनी पाहिलं होतं. आता ज्या माणसानं काल संध्याकाळी बिजलीचा गळा दाबला, तो आज त्याला पाठीवर टाकून शेतातून कुठं नेत असेल? चुडाव्यापासून आमच्या गावापर्यंत येईतो बातमीला पाय फुटले होते: जल्लादानं बिजलीला पळवलं, हरल्याचा राग काढायलाय, घरात कोंडून मारायलाय. आधी कुत्री भुंकली, मग धूळ दिसली, मग माणसं. चुडाव्याची पोरं, वाटेतल्या वाड्यांवरचे गडी, आमच्या गावातले निम्मे. हातात काठ्या, कुणाच्या हातात तिफणीचा दांडा. पुढं गावचे पोलीस पाटील, कपाळावरचा घाम पुसत.

"बिजलीला भायेर काढा!" पोरं ओरडत होती. "न्हाईतर घर ठेवत न्हाई!"

बालाजी बाजेवर उठून बसला. त्याच्या तोंडाकडं बघून मला कळलं की आता हा खरं सांगून टाकणार. माझ्याही जिभेवर तेच होतं, हे सगळं लुटुपुटीचं आहे, माझ्या आण्णांनीच तुमच्या बिजलीला जिंकवलं. एका वाक्यात आण्णा चांगले ठरले असते. आण्णांनी आमच्या दोघांकडं बघितलं आणि मान हलवली, एवढीशी. मग ते उठले, कालचं काजळ अजून पापण्यांत राहिलेलं, आणि कुडाच्या दारात जाऊन उभे राहिले. एक दगड आला, त्यांच्या गुडघ्याशी पडला. ते हलले नाहीत. ते मार खायला उभे आहेत हे मला दिसत होतं. ताफा वाचावा, बालाजीचं नाव राहावं, म्हणून आमच्याच दारात, आमच्याच गावच्या हातचा.

तेव्हा माय बाहेर आली. डोक्यावरून पदर, हातात ताट; ताटात निरांजन, कुंकू, सुपारी. ती आण्णांना ओलांडून गर्दीकडं गेली नाही. ती बाजेकडं गेली, बालाजीच्या डोक्यावर स्वतःच्या पदराचं टोक टाकलं, त्याला कुंकू लावलं आणि भर उन्हात, एवढ्या काठ्यांसमोर, शांतपणे ओवाळलं. बालाजी गोंधळला. पण ओवाळल्यावर ताटात काहीतरी घालावं लागतं एवढं त्याला सुचलं. उशाशी काल जिंकलेला नारळ होता, तो त्यानं ताटात ठेवला.

"पाटील," माय वळून म्हणाली, "ह्यो माझा भाऊ हाय. पाय मुरगाळलाय म्हणून बहिनीकडं आलाय. त्येला बगायला आला आसाल तर काठ्या भायेर ठेवा आन् आत या. चहा ठेवते."

पाटलांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "भाऊ? मग काल ह्येनं त्याचा गळा कामून दाबला?"

"दाजी-मेव्हण्यात तुमाला काय करायचंय?" माय म्हणाली. "लग्नात मानपान नीट झाला न्हाई. टावेल-टोपी हलकी निघाली. तवापासून रुसलेत. आजून रुसवा काडायलेत."

मग गर्दीच्या मागून कुणीतरी म्हणालं, "आस्सं हाय व्हय!" आणि मी काठ्या खाली येताना पाहिल्या. कारण हे त्यांना समजलं. अंगात येणं अर्धवट समजलं होतं, हे मात्र पूर्ण समजलं. मानपानावरून रुसलेला जावई कुणाच्या घरात नव्हता? जेवायला पाट मिळाला नाही म्हणून मांडवातून उठून गेलेला, मेव्हण्याच्या अंगावर धावून गेलेला, वर्षानुवर्षं धुसफुसणारा. पाटलांचेच दोन जावई तसे होते. मायनं तिथंच पायरीवर नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे केले आणि वाटले. तिफणीचा दांडा बगलेत धरून खोबरं खाणारा तो गडी माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. जाताना एक म्हातारा आण्णांजवळ थांबला, त्यांच्या दंडावर हात ठेवून म्हणाला, "दाजी, सोडून द्या आता. लेकरू हाय ते." आण्णांनी तोंड फिरवलं. लोकांना वाटलं, अजून रुसलेत. त्यांच्या डोळ्यांतून काजळ खाली आलं होतं.

बालाजी, म्हणजे आता बालाजीमामा, पाय बरा होईपर्यंत आमच्याकडंच राहिला. लतीफभाई त्याला बघायला आले, मायनं काय सांगितलं ते ऐकलं, आणि तिथल्या तिथं त्यांनी दोन्ही हातांनी कपाळ बडवून घेतलं. "बहेन, मैं इत्ते साल धंदा कर रहा हूं, ये बात मेरे दिमाग में नइं आई!" मामा परत उभा राहिला तेव्हा भोंगा ओरडायला लागला: मेव्हणा विरुद्ध दाजी. गर्दी वाढली. लोक आता आण्णांना मनापासून शिव्या देत, पण त्या घरातल्या शिव्या होत्या. "दाजी, माज उतरला का?" "दाजी, पाट पायजे का बसायला?" एका गावात कुणीतरी खरंच नवी टोपी रिंगणात फेकली. आण्णांनी ती उचलली, उलटून-पालटून बघितली, हलकी आहे असं तोंड केलं आणि परत फेकली. मैदान हसून हसून लोळलं आणि मग पेटून उठलं. शाळेत मला कुणी जल्लादाची पोरगी म्हणेना. 'दाजीची पोरगी' म्हणायला लागले, आणि त्यात कुणाला काही वाईट वाटायचं कारण नव्हतं.

मग बोरीला खेळ लागला, मामाच्या भागात. त्याचे आईबाप ऊसतोडीहून परतले होते. त्यांनी मायला निरोप धाडला, लेकीनं माहेरी यावं. मायला नाही म्हणता येईना. निघण्याआधी तिनं काजळाची डबी घासून-पुसून काठोकाठ भरली आणि आण्णांच्या पिशवीत स्वतः ठेवली. उंदराचं नाव काढलं नाही.

बोरीच्या बाजारतळावर बायांच्या बाजूला माय बसली, पदर तोंडाशी धरून, जणू मयतीला आलीय. आण्णा घमेल्याकडं न बघता वर चढले. तो हुंकार उठला. मायनं माझा हात घट्ट धरला. थोड्या वेळानं धरलेला हात सुटला. मामाला दोन बुक्क्या बसल्या तशी ती पुढं सरकली. आण्णांनी त्याचा गळा दाबला तशी ती गुडघ्यांवर आली. आणि पंचाची नजर चुकवून त्यांनी मामाच्या त्या दुखऱ्या पायावर पाय दिला, नुसता दिल्यासारखा केला, तेव्हा आमची माय, जिनं आयुष्यात कधी चारचौघांत आवाज चढवला नव्हता, ती ताडकन उठून उभी राहिली. पदर खांद्यावर आला.

"हाण रे बालाजी! सोडू नगंस त्येंला! उचलून आपट त्येंला!"

अख्खं मैदान "आपट त्येला" म्हणत होतं. तो अरे-तुरेचा गदारोळ. आणि त्यात हा एकच आवाज, "त्येंला." मार द्यायला सांगत होती, पण नवऱ्याचा मान सोडायला काही जीभ तयार नव्हती. मी रिंगणाकडं बघितलं. आण्णा थबकले. त्यांनी बायांच्या बाजूला बघितलं, आणि जल्लादाच्या त्या काळ्या डोळ्यांखाली हसू फुटलं, आवरता येईना. मामानं संधी साधून त्यांना खांद्यावर उचललं, गरगर फिरवलं. वरच्यावर फिरत असताना आण्णा हसत होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना एवढ्या आनंदानं हरताना पाहिलं नव्हतं.

बैलगाडीनं आम्ही परत निघालो. मायला आता लाज वाटत होती, ती बाहेरच्या ज्वारीकडं बघत होती. आण्णा मऊ आवाजात म्हणाले, "आज खेळ लय चांगला झाला."

"कशावरून?" माय.

"तू वरडलीस की."

मायनं शिदोरी सोडली, धपाट्याचा पहिला तुकडा मोडला आणि तो मला न देता आण्णांना दिला. मी छातीवर बसून मागितलं होतं ना, कुणीतरी आण्णांच्या बाजूनं ओरडावं म्हणून. ते असं मिळालं, आणि मला ते पुरलं. आजवर पुरलं आहे.

आण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या मातीला कुठून कुठून माणसं आली. त्यांतल्या कित्येकांना त्यांचं नाव माहीत नव्हतं. "आमचे दाजी गेले," एवढंच ती म्हणत होती. मामा लंगडत पुढं आला आणि त्यानं नवाकोरा टॉवेल आणि टोपी, भारीतली, त्यांच्या पायाशी ठेवली. म्हणाला, "दाजी, आता तरी रुसू नका." दर भाऊबीजेला तो मायकडं येत राहिला, माय गेल्यावर तो माझ्याकडं येतो. दारात आला की मी लगेच पाट मांडते.

आता माझा नातू मोबाईलवर परदेशातल्या कुस्त्या बघतो. दिव्यांचा झगमगाट, नुसता धूर, राक्षसासारखे गडी. परवा त्याच्या शेजारी बसले होते. एक काळ्या कपड्यांतला दांडगा गडी आला, डोळ्यांभोवती काळं फासलेलं, आणि तिथली हजारो माणसं त्याला हुर्यो करायला लागली. त्यानं समोरच्या गोऱ्या पोराचा गळा दाबला. मला राहवलं नाही. "हाण की रे," मी म्हटलं, "उचलून आपट त्येंला!"

नातू माझ्याकडं बघतच राहिला. "आजी, अगं तो व्हिलन आहे. त्याला अहो-जाहो कशाला करतेस?"

"करावं लागतं," मी म्हटलं. "आमच्या घरात तशी रीत आहे."